हिरवा दिवा

पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी,
लाइट असेल त्या वेळात.
एवढं सांगून तू सेलमला गेलास
आणि कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या फुल्यांशेजारी,
लाल पेनानं गोल करून गेलास.

गाडी पडवीत, ताडपत्रीखाली.
साडेतीनशे सीसीची. तिला किक नाही.
तुझी आधीची बंद पडली की
लेंगऱ्याच्या स्टँडवरची चार पोरं ढकलायची,
उतारावर दुसऱ्या गिअरला धक्का खाऊन सुटायची.
ही तशी ऐकत नाही.
हिच्या आत मेंदू आहे, तू म्हणालास,
उभ्या उभ्या जागा असतो,
घड्याळ चालवतो, चोराची चाहूल घेतो
आणि थेंब थेंब बॅटरी पितो.

मी म्हटलं, उभ्या उभ्या जागं राहायला काय लागतं
ते मला ठाऊक आहे.
तुझ्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

व्हिडिओ कॉलवर शिकवलंस.
चावीनं सीट उघड. फोन खाली धर.
अजून खाली. अगं, मला तुझं कोपर दिसतंय.
लाल टोपीखाली प्लस. त्याला लाल चिमटा.
मग काळा. मग भिंतीवरचं बटण.
काढताना उलटं:
आधी बटण, मग काळा, मग लाल.
तीनदा म्हणून घेतलंस, पाढ्यासारखं.

आबा खाटेवरून ऐकत होते.
त्रिचूरला चाळीस वर्षं गलाई केली त्यांनी,
नखं अजून तेजाबानं पिवळी.
म्हणाले, सोनाराच्या दारची माती झाडून आणायचो,
त्यातनं गुंजभर निघायचं.
त्यालाही असाच क्रम. कधी काय घालायचं ते चुकलं
की मूस तडकायची.
मग बॅटरीकडं हनुवटी करून म्हणाले,
झाकलेलं तेजाब गप असतंय, बाई.
झोपलेलं नसतंय.

पहिल्या रविवारी केशरीचा हिरवा व्हायला
पाच तास लागले.
मधे दोनदा लाइट गेली.
धुणं वाळत घातलं, भाकऱ्या थापल्या,
पिठाच्या हातानं येऊन येऊन बघितलं,
विरजण लागलं का बघतात तसं.

दुसऱ्या खेपेला साडेतीन.
मग तासभर.
आता चिमटे लावून बटण दाबते न दाबते
तोच हिरवा.

तू खूश. म्हणतोस चार्जर झकास निघाला,
अठ्ठावीसशे वसूल.
म्हणतोस, बॅटरी धरून ठेवतेय बघ.
मी हं म्हणते.

काय सांगू?
की शर्वरीनं शाळेच्या मैदानावर, पहाटे,
कुणी उठायच्या आत
मला क्लच सोडायला शिकवला, बोट बोट.
तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा ती चालली
आणि मी ओरडले, पण हेल्मेटच्या आतच.
की विट्याला पहिली खेप
आबांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी होती.
दुसऱ्या खेपेला गोळ्या घरात होत्या.
की गोल केलेल्या रविवारांपेक्षा
हिला रेणावीचा घाट जास्त मानवतो.
वर पठारावर पवनचक्क्या,
ओढणी कमरेला गच्च,
आणि चौथ्या गिअरला
आतलं सगळं आपोआप भरत जातं.

आबा काही विचारत नाहीत.
परवा मडगार्डवरची तांबडी धूळ
जुन्या बनियननं पुसत बसले होते.
पुसून झाल्यावर ताडपत्री ओढली
आणि तू मारतोस
तीच गाठ मारली.

जाताना तू मीटरचा फोटो काढून नेलास.
चार हजार एकशे बारा.
आता किती, ते दिवाळीला बघ.
चावी फिरवशील, बटण दाबशील,
पहिल्या झटक्यात सुरू होईल,
त्याचा आनंद आधी होऊ दे.
मग खाली बघ.

आज रविवार.
लाल. काळा. बटण.
फोनवर तू विचारतोस, काय गं, किती वेळ लागंल?
आबा खाटेवर कूस बदलतात, भिंतीकडं तोंड करून.
मी म्हणते,
लागंल थोडा.