घराखाली पाणी

हणमंत पासलकरांनी चप्पल दाराबाहेर काढली,
मोजणीचा नकाशा टेबलावर सरळ केला
आणि म्हणाले, "नांदोशीत दोन गुंठे आहेत.
असं घर काढा, मॅडम,
ज्याच्या दारात टँकर येणार नाही."

एकोणीस वर्षं ते टँकरच चालवत होते.
धायरी, नऱ्हे, आंबेगाव,
मार्च ते जून दिवसाला सहा खेपा.
कुठल्या सोसायटीच्या टाकीचं झाकण तुटकं,
कुठला सेक्रेटरी पावतीवर दोनदा सही मागतो,
सगळं पाठ.

मी कॅल्क्युलेटर घेतला.
छप्पर नऊशे सत्तर चौरस फूट,
पाऊस सातशे मिलिमीटर,
उडालेलं, सांडलेलं, कौलांची धूळ धुऊन गेलेलं
वजा करून त्रेपन्न हजार लिटर.
ते हसले. "म्हणजे पाच खेपा.
वर्षाचं आभाळ माझ्या एका दिवसाचंसुद्धा नाही."

भागिले चार माणसं, भागिले तीनशे पासष्ट.
माणशी छत्तीस लिटर.
आकडा सांगताना मलाच लाज वाटली,
माझा शॉवर पाच मिनिटांत तेवढं पितो.
अलकाताई पहिल्यांदा बोलल्या,
"दोन हंडे आणि वर एक कळशी.
लग्नानंतर सात वर्षं त्यातच काढली की.
तेव्हा त्याला डिझाइन म्हणत नव्हते."

मग अंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून फिरवलं,
तिथून संडासाच्या टाकीत.
दक्षिणेच्या उतारावर आठ पॅनेल बसवली,
बॅटऱ्या जिन्याखाली.
"आणि कुरडया कुठे घालायच्या?"
माझ्या कॉलेजात हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता.
मी गच्चीकडे सरकलेली दोन पॅनेल खोडली.
उन्हाची पाच फुटी पट्टी मोकळी ठेवली,
वीज थोडी कमी पडेल,
पावसाळी आठवड्यात मीटर फिरेल,
फिरू दे.

शेवटी छेद काढला.
जमिनीची रेघ, तिच्यावर हॉल,
हॉलच्या फरशीखाली चाळीस हजारांची टाकी,
निळ्या पेन्सिलीनं भरलेली.
हणमंतराव कागदावर वाकले ते वाकलेच.
"म्हणजे घराखाली पाणी," म्हणाले.
"आमचं उलटं होतं."

मोसे खोऱ्यातलं घर, धरणात गेलेलं.
वडील एका मे महिन्यात त्यांना घेऊन गेले होते
चुलीची जागा दाखवायला.
पाणी उतरलं होतं, गाळ नव्हता उतरला.
दोघं पावलं टाकत राहिले,
इथं ओटी, इथं गोठा असेल,
आणि वडील एकदम म्हणाले, चल, एसटी चुकेल.

मी काय बोलणार?
पेन्सिलीला टोक केलं.

जाताना चपलेत एक पाय घालून ते थांबले.
"टाकी भरून वाहिली तर जादा पाणी कुठं जातं?"
शोषखड्ड्यात, मी म्हटलं.
"जाऊ दे तिकडंच. पण आधी
रस्त्याच्या बाजूला एक नळ काढा.
ड्रायव्हरच्या हाताशी येईल एवढ्या उंचीवर.
दहा हजार लिटर मागे घेऊन फिरतो माणूस,
प्यायला घोटभर मिळत नाही."

नळ साडेतीन फुटांवर दाखवला आहे.
पितळी. पाना लागणार नाही असा.