मागचा पाय

बंदूक मला नको असते.
हे आधीच सांगून टाकतो, कारण भुसावळात
गोष्ट स्टेशनावरून निघते तेव्हा एकटी असते
आणि जामनेर रोडला पोचेतो लेकुरवाळी होते.
दोनदा जमादार घरी येऊन गेला.
मागच्या पत्र्याखाली वाकून त्याने मोजले:
पाय, पाय, पाय.
"अन् वरची?"
वरची नाही. मी फक्त घोड्या जमवतो.
चहा पिऊन गेला.

मशीनगन वितळल्या, बुडाल्या, कुठे गेल्या कोण जाणे.
खाली जे गुडघे टेकून होतं ते उरलं,
कारण त्याच्यावर काहीही ठेवता येतं:
चोपड्याला रसाचा चरक,
यावलला मंडपवाल्याचा भोंगा,
एरंडोलच्या पुढे वीटभट्टीवर पाण्याचा ड्रम
(ती ब्रेनची, नळीच्या पायांची.
भट्टीवाला ड्रम उतरवेना, मी तीन उन्हाळे जातोय).

आधी गुडघा बघायचा.
विकर्सची असेल तर पुढचे दोन आखूड, मागचा लांब,
सांध्यात दातेरी चकत्या, आवळायला मुठी.
रंग खरवडायचा नाही. रॉकेलचा बोळा, पितळी ब्रश,
मग शिंप्याचा खडू आडवा फिरवायचा,
की आकडे वर येतात हळूहळू,
पाटीवर कोणीतरी आतून लिहिल्यासारखे.
बाण दिसला, आणि त्याच्याजवळ इंग्रजी आय,
म्हणजे हिंदुस्थानच्या खात्यावर चढलेला माल.
तेव्हा तोंड पाडून बसायचं.
आनंद दिसला की भाव दुप्पट.

रुबाब तडवीचा फोन आला:
"सावद्याले एक हाये. लंगडी हाये, पन खानदानी."

कौतिकबाई वायकोळ्यांच्या वखारीत
तिच्या डोक्याला साखळी, साखळीला काटा,
काट्याला केळीचा घड.
मी खाली बसलो, खडू काढला.
"काय पाहून राह्यले भाऊ?
काटा बरोबर हाये आमचा."
वजनमापे खात्याचा नाही, हे पटवायला
मला माझा आख्खा छंद सांगावा लागला.
"मंग बंदूक कुठी हाये?"

डोक्यावर एक नंबर, पायांवर दुसरा.
डोकं एकीचं, पाय भलतीचे,
कुठल्या तरी डेपोत, घाईत लावलेलं लग्न.
अशीला निम्मा भाव. मी मनात आकडा धरला
आणि मागच्या पायावर आलो.

तिथे डाग होता. वेल्डिंगचा.
वितभर, जाड निळ्या रंगाखाली,
आणि त्याची वीण उलट्या अंगावर झोपलेली.
खडू लावायची गरजच नव्हती.
लोको शेडात डावखुरा एकच होता,
हिरामण तायडे,
ज्याच्या हाताखाली मी चार वर्षं
फक्त काच धरून उभा राहिलो,
जो म्हणायचा, जोड दिसला पाहिजे रे,
लपवतो तो चोर.
त्याने सांधलेली इंजिनं भंगारात गेली.
रविवारी तो खासगी कामं करायचा,
हे साहेबाला ठाऊक होतं, मला नव्हतं.

"सासऱ्यानं आनली व्हती, लिलावातून," बाई म्हणाली.
"पाय मोडेल व्हता. भुसावयहून एक मानूस आला,
पैशे घेतले नाई, पोतंभर केये घेऊन गेला."

त्या केळ्यांतलं मी खाल्लं असेन.
शेडात कधीमधी केळी असायची,
कुठून, ते विचारायची रीत नव्हती.

वहीत मी रकाने आखून ठेवलेत:
मार्क, साल, कारखाना, स्थिती.
कारखान्याखाली लिहिलं:
दोन पाय विलायत. मागचा, भुसावळ, रविवार.
स्थितीखाली काय लिहावं ते सुचेना.
तेवढ्यात पोराने नवा घड अडकवला,
साखळी ताणली,
आणि तिन्ही पायांनी आपापली माती चाचपून घेतली.

"मंग, न्यायाची का?"
नको म्हणालो. चालू आहे ती.

रुबाबने दलाली मात्र पूर्ण घेतली.
म्हणाला, दाखवायचे पैशे असतात, भाऊ.