ओळीच्या शेवटी एकटं अक्षर ठेवू नये

लिमोजच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
गेलेलं बोलणं परत आणायचं काम मी करते.
दर मंगळवारी सव्वादहाला आँसेल्म देलूम.
वय एकोणऐंशी. उजवा हात मांडीवर,
कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
जिभेला हाड नसतं म्हणतात;
यांच्या जिभेला फेब्रुवारीत एका रात्रीत उगवलं.

चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले.
डॉक्टरांचे प्रबंध, लग्नपत्रिका,
चिनी मातीच्या कारखान्यांच्या किंमतयाद्या.
हे त्यांच्या मुलीनं सांगितलं, ओडीलनं,
आणि हेही, की घरी ते वर्तमानपत्र
उलटं धरून वाचायचे, नुसती गंमत म्हणून.

मी कार्डं मांडते. पाव. चमचा. मांजर.
ते खिडकीकडे बघतात.
"ए," म्हणतात. ओठ ताणलेले,
आणि मागून काही येत नाही.
सहा आठवडे ए.

सातव्या मंगळवारी त्यांच्या फायलीतला कागद
टेबलावर उघडा राहिला, चूक माझीच.
मेंदूच्या लहरींचा अहवाल, अरुंद रकान्यात,
आणि रकान्यात न मावणारा तो शब्द
संगणकानं मधेच तोडून खाली ढकललेला:

एलेक्त्रोआँस्-
एफालोग्राम

पाय मोडलेला स् वर लटकत होता,
त्याचा ए खालच्या ओळीत, उघड्यावर.

देलूम यांनी डावा हात उचलला.
नख टेकवलं, बरोबर आँ आणि स् यांच्या फटीत,
"नों," म्हणाले. नाही.
असा राग मी सहा आठवडे मागत होते.

मी कार्डं आवरली. पेन्सिल दिली.
पहिल्या ए नंतर रेघ मारायला गेले
तर त्यांनी माझं मनगट धरलं.
ओळीच्या शेवटी एकटं अक्षर ठेवू नये:
हे ते बोलले नाहीत,
छापखान्याचा नियम आहे, ओडीलनं नंतर सांगितला.
एलेक्. तेवढं एकत्र धरून पुढे.
त्रो. घशाच्या तळाशी गुळणी केल्यासारखा र,
आला, जरा ओला.
मग ती जागा, जिथे धडधाकट माणसंही अडखळतात:
त्रो संपतो, आँ सुरू होतो,
मधे व्यंजन नाही, धरायला कठडा नाही,
एका उघड्या दारातून दुसऱ्या उघड्या दारात.
ते उंबऱ्यावर थांबले.
बाहेर कपबश्यांची गाडी खडखडत गेली.
"आँ." अर्धा श्वास नाकातून.
रेघ.
"से."

मी पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होते,
मला उशिरा कळलं.
ते मागे फिरले, आँ-से, पुन्हा आँ-से,
आणि तिथून शब्द सोडून
भलत्याच वाटेला लागले:
आँ-सेल्म.
कोटाच्या अस्तरात किल्ली लागावी
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

फा, लो, ग्राम राहिलं.
ते पुढच्या मंगळवारी.
ग्रामच्या शेवटी आणखी एक ए असतो,
लिहायचा, बोलायचा नाही;
शाळेत आम्ही त्याला मुका म्हणायचो.
पण देलूम ब्रीव्हच्या खालच्या गावचे,
तिकडची म्हातारी माणसं तो पुरता गिळत नाहीत,
ओठ मिटून उघडताना थोडी हवा सुटते,
ग्राम, अ,
दिवा मालवल्यावर वातीला राहते तेवढी.

फायलीत उच्चारलेली अक्षरं मोजून लिहायची असतात.
मी आठ लिहिलं.
खोडलं.