दोन बोटांची नदी

खोकं आलं मंगळवारी,
एका कोपऱ्यात चेपलेलं.
भरतेशनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं,
हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या बाजूला सारल्या
आणि काउंटरवर मांडला विस्तार संच :
पूर्वेकडचा नवा मुलूख, बेचाळीस पत्ते,
अकरा राक्षस, आठ पैलूंचा एक फासा
आणि पाचवा वीर, धनुष्यासकट.

आम्ही तिघंच उरलोय.
ऋजुता बेंगळुरूला गेली,
तिचा मांत्रिक डबीत झोपलाय कापसावर.
मग पाचवा कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.
सात महिने पैसे साठवले होते,
मी विश्रामबागेतून चालत येत होते
रिक्षाचे वाचवून.

नियमपुस्तकात लिहिलंय :
जुन्या पटाच्या पूर्व कडेला नवा पट जोडावा.
एवढंच.
जणू कडा म्हणजे कायमची कडाच.

आमचा जुना पट
महापुरात माळ्यावर पोचायच्या आधी
एक रात्र पाण्यात होता.
वाळवला, इस्त्री फिरवली, वर पाटा ठेवला,
तरी फुगला तो फुगलाच.
उत्तरेचं अरण्य पापडासारखं उठलंय.
राजधानीवरून चिखलाची रेघ जाते,
ती आम्ही तटबंदी म्हणून खेळतो.

खाचा जुळेनात.
मुनाफनं मिरजेहून, बापाच्या कारखान्यातनं,
सतारीची जवारी काढायची बारीक कानस आणली होती.
"जपून लगा," भरतेश म्हणाला,
"साडेचार हजाराचा मुलूख हाय त्यो."
घासलं, फुंकलं, पुन्हा लावलं.
मधे दोन बोटं फट राहिली.

फटीतून काउंटरची काच दिसायची,
काचेखाली गेल्या वर्षीच्या हळदीचा भाव.
नदी म्हणूया, मी म्हणाले.
मग नियम झाला, पेन्सिलीनं,
पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर :
पलीकडे जायचं तर मोठ्यानं विचारायचं,
"आयर्विनला किती?"
आणि आठ पैलूंचा फासा टाकायचा.
पाचाच्या वर पडलं तर अलीकडेच थांबायचं,
सामान माळ्यावर, म्हणजे तीन पत्ते उलटे.

हसलो आम्ही.
पण पहिल्यांदा विचारताना
माझा आवाज नको तेवढा खरा निघाला.
भरतेश उगाच शटरकडे बघून आला.

साडेसातला मुनाफचे अब्बा आले,
कानस शोधत, थेट मिरजेहून.
रागवायचे होते बहुतेक.
पाचवा वीर उचलून त्यांनी दिव्याखाली धरला,
नखानं धनुष्याची दोरी चाचपली.
"ढिली हाय," म्हणाले,
"ह्यातनं बाण न्हाई सुटायचा. सूरबी न्हाई."
आणि पोत्यावर बसले,
वीर मुठीतच.

आठ पडले.
सहा.
पुन्हा आठ.
पलीकडे अकरा राक्षस आपापल्या चौकोनात उभे,
कोरे करकरीत,
एकाच्याही पायाला गाळ नाही.

"पाणी उतराया किती डाव लागत्यात?"
अब्बांनी विचारलं.
भरतेश पुस्तक चाळत
पार मागच्या पानापर्यंत गेला.
मी पेन्सिल शोधत होते.