एकतीस मार्चचा धक्का

आदिवासी पर्यटन निधीचं पत्र आलं जानेवारीत.
पाहुण्यांच्या होड्यांसाठी धक्का बांधा,
पावत्या एकतीस मार्चच्या आत.
डेल्मानं खिडकीतून तळ्याकडे पाहिलं:
हातभर जाड बर्फ,
त्यावरून रँडलचा ट्रक चाललेला.

अर्जात तिनं खरं तेच लिहिलं होतं.
'अनुभवाचं वेगळेपण, पन्नास शब्दांत.'
इथे आम्ही राहतो.
उरलेले सत्तेचाळीस सल्लागारानं भरले,
त्यात 'अस्सल' चारदा,
'अनिशिनाबे' एकदा, तेही स्पेलिंग चुकवून.

एल्वुडमामा काही बोलला नाही.
सीडरचे ओंडके ओढून आणले,
बर्फावरच रचला चौकोनी पिंजरा,
आत दगड भरले, पोटभर.
"बर्फ वितळला की बसेल आपसूक तळाला.
माझा बाप असंच करायचा.
त्याच्याकडे पावती नाही मागितली कुणी."

ऑटवाहून बाई आली तपासणीला.
पाय घसरू नये म्हणून डेल्माचा दंड धरून
टेप लावली तिनं चारी बाजूंना.
फॉर्मवर चौकटी दोनच: पूर्ण, अपूर्ण.
"पण हा पाण्यात कुठाय?"
"पाणीच अजून पाण्यात नाही," मामा म्हणाला.

तिनं बराच वेळ पेन झटकलं.
शाई गोठली असावी.
शेवटी रँडलच्या कानावरची पेन्सिल घेतली.
काय खूण केली, दिसलं नाही.

मेमध्ये एका रात्री काहीतरी कडाडलं,
कुत्री भुंकत राहिली.
सकाळी पाहतो तर
धक्का बसलेला,
जरासा तिरका,
जुन्या खांबांकडे कललेला.

पाहुणे जुलैत येतील म्हणतात.
सध्या तिथे मामा मासे साफ करतो.