हिसका

बारा वर्षं मी कौन्सिलचा फवारणीवाला.
पाठीवर पंधरा लिटरची टाकी, डाव्या हाताला पंप
आणि कागदावर एकच नाव : पॅम्पस.
परदेशी. माजोरी. दिसेल तिथं मारायचं.

मारलं.
होकिआंगाच्या रस्त्याकडेला, चरांतून,
मेंढवाड्यांमागच्या चिबडात,
जिथं चिखल बूट परत मागून घेतो.
उंच पांढरा तुरा दिसला की नळी वर.
पंधरवड्यात पिवळं, महिन्यानं काळं.
वहीत खूण. पगार गुरुवारी.

राविनिया ओढ्याकाठी कोयता घेऊन उभी होती,
समोर मी झोपवलेली अठ्ठावीस बेटं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, "ये. हे एक तुझ्याकडून राहिलंय.
पान धर. ओढ."

ओढलं. तुटेना.
हिसका दिला तर बोट चिरलं,
पान तसंच,
जसं चिखलाखाली कुणी दुसरं टोक धरून बसलंय.
"आता ते रस्त्यावरचं."
ते कटकन हातात आलं.

"तुटतं ते पॅम्पस. न तुटतं ते टोइटोइ, आमचं.
ते ताठ, हे मान कलती करून.
त्याची वाळकी पानं बुडाशी
रंध्याच्या सालपटांसारखी कुरळी होतात, ह्याची नाही.
एवढंच."

एवढंच बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलंही नव्हतं.

मराएच्या सभाघराची भिंत काड्यांवाचून अडली होती.
काकाहो म्हणतात त्यांना : ह्याच गवताचे दांडे,
तुरा छाटून, सोलून, वाळवलेले,
पातळ चहाच्या रंगाचे.
मी तीन रविवार हिंडलो, टाकीशिवाय.
मोकळ्या पाठीचं काय करायचं कळेना.
शेवटी खारफुटीच्या अलीकडे,
गोड्या पाण्याच्या एका झिऱ्याशी सापडलं रान.
एकेका बेटाचं पान ओढून पाहिलं.
एकशे तेरा दांडे, आणि दोन्ही तळवे चिंध्या.

तिनं मोजले. सात बाजूला काढले, वाकडे म्हणून.

विणायला दोन माणसं लागतात,
एक चौकटीपुढे, एक मागे.
मागे तिची बहीण बसायची; ती मे महिन्यात गेली.
"बस," म्हणाली, आणि स्टूल पायानं सरकवलं.

मागून नक्षी दिसत नाही.
काड्या दिसतात, फटी दिसतात,
फटीतून येणारं पट्टीचं टोक
आणि कधी तिच्या नखाचा चंद्र.
धरायचं, ओढायचं, शेजारच्या फटीतून परत.
पुढे काय उमटतंय,
पायऱ्या, की चपट्या माशाची चौकट,
की अल्बट्रॉसचे अश्रू,
मला ठाऊक नाही.

उद्या सोमवार. टाकी शेडमध्ये भरून ठेवलीय;
पॅम्पस काही संपलेलं नाही.

"सैल," ती पलीकडून म्हणते.