पाऊणकी

येसू पावसेनं रिकामी पाटी जिन्यातच आदळली.
"तुज्या फोनात रोजच आवस हाय काय गो?"

आज अष्टमी. फोन म्हणाला, बाराला भरती,
म्हणजे सहाला सुकती,
म्हणून ती सहाला गेली कालवं काढायला
तर आंजर्ल्याच्या खाडीत खडपं बुडालेली,
पाणी पार खाजणाच्या बांधाला.
"काल बाराला, परवा बाराला, आज पन बाराला.
समिंदर काय कचेरीत लागलाय?"

ती गेली. पायऱ्यांवर ओली पावलं राहिली.
खाली बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडतायत,
हर्णैच्या होड्या अजून यायच्यात.
मी खिडकी लावते,
भरतीच्या ओळीवर एक लाल ठिपका ठेवते.
इथं थांब.

प्रोग्राम धावत येतो आणि थांबतो
उचललेला पाय तसाच धरून.
आता माझ्या बोटाशिवाय त्याला पुढचं पाऊल नाही.

एफ अकरा. आत.
भरतीनं हाक मारली वेळेला,
वेळेनं तिथीला.
हाकेवर हाक, बाजूला रचत जाते उतरंड:
कोण कुणासाठी खोळंबून उभं आहे.
वरचं मडकं उतरल्याशिवाय
खालच्याला हात लावता येत नाही.

तिथीत शिरताना माझी खात्रीच होती.
चंद्रसूर्याचं एवढं किचकट गणित,
चूक असणार ती इथंच.
दोनशे ओळी, एकेक करत,
चिखलात अंगठा रोवून मग टाच टेकावी तशी.
चहावर साय धरली.
तिथीनं उत्तर दिलं: आठ.
बरोबर आहे. अष्टमीच.
उगाच तिच्यावर आळ घेतला.

बाहेर. एक मडकं कमी.
उरलं ते एका ओळीचं फंक्शन,
ज्याच्यावरून मी दर वेळी
एफ दहा दाबून उडी मारून गेले.
पाऊणपट.
त्यात काय चुकायचंय?
भागोजीमामा तांडेल सुकाणू न सोडता
तिथीची पाऊणपट करायचा, म्हणायचा
पाऊण, दीड, सव्वादोन, तीन,
पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा,
आणि आठाला सहा म्हणजे सहालाच भरती.

एफ अकरा. आत.
तीन भागिले चार.
शेजारच्या चौकटीत: शून्य.

पूर्णांकच वापर, असं मीच सांगून ठेवलेलं.
त्यानं तीन चौघांत वाटले,
कुणाच्याच वाट्याला अख्खा एक येईना
म्हणून कुणालाच काही दिलं नाही.
मग आठ गुणिले शून्य, अधिक बारा.
रोज बारा.
येसूनं जिन्यातूनच सांगितलं होतं.

आणि आमच्याकडे पाऊण हा धड एक शब्द आहे,
त्याचा पाढा आहे,
तो घड्याळात वाजतो.

बरं, आधी गुण, मग वाट.
आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा.
जमलं म्हणून मी खुर्ची मागे सारली.
सहज उद्याची नवमी घालून पाहिली:
नव त्रिक सत्तावीस, भागिले चार,
पुन्हा सहाच.
वरचा पाऊण तास गिळून
वर तोंड पुसून मोकळा.

शेवटी तासच मोडला,
सुटी मिनिटं केली.
तिथीमागे पंचेचाळीस.
नवमी: पावणेसात.
ठिपका काढला. उतरंड उतरली.
प्रोग्राम निमूट शेवटापर्यंत चालत गेला.

येसूला फोन लावला. नवमी, पावणेसात.
"ते म्हायत हाय मला," ती म्हणाली.
"पन आपल्या खाडीच्या तोंडाला गाळ भरलाय,
पानी अर्दी घटका उशिरा शिरतंय.
ते कुटं लिवलंस?"

कुठंच नाही.
लाल ठिपका कुठल्या ओळीवर ठेवावा
ते बघत बसले थोडा वेळ.
मग विचारलं, उद्या सुकतीला कितीला निघतेस?

"पाऊन टळून गेली की.
आनि चपला घालू नको."